पाणी तोडा म्हणणाऱ्या बाई

तांदळे मॅडम पहिल्यांदा आमच्या संस्थेत आल्या तेव्हा चेअरमन हार घेऊन दारात उभे होते. मॅडम जीपमधून उतरल्या. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात झाकणातून वाफा निघणारा ॲल्युमिनियमचा जाड डबा. कुणाकडेही न बघता त्या ऑफिसला वळसा घालून सरळ मागे कुंपणापलीकडच्या एका सभासदाच्या मोसंबीच्या बागेत शिरल्या. हार धरून चेअरमन त्यांच्या मागे, चेअरमनच्या मागे आम्ही. वाळत चाललेल्या एका फांदीजवळ त्या थांबल्या. जिवंत लाकूड जिथं संपतं आणि मेलेलं सुरू होतं, नेमकी तिथं कात्री चालवली, करंगळीएवढा तुकडा चिमट्यानं डब्यात सोडला, झाकण लावलं आणि मगच वळून म्हणाल्या, "हां, नमस्कार."

तो डबा आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीचा. दूध संघाचे डॉक्टर गाई भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतनाला येतात तेव्हा गोठवलेल्या बीजाचा असाच डबा मोटारसायकलला बांधलेला असतो. त्यामुळे आमचे एक सभासद रंगनाथ तात्या यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "मॅडम, मोसंबी कावून भरवायलात? गाभण ऱ्हाती का ती?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "तात्या, तुमची मोसंबी गाभणच हाय," त्या म्हणाल्या. "पोटात काय हाय ते बघायला आले."

ही मांजरसुंब्याच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यातली गोष्ट. आमची फळबागायतदारांची सहकारी संस्था, तिची रोपवाटिका, आणि त्या रोपवाटिकेची देखरेख माझ्याकडे. सलग दुष्काळाची वर्षं होती. मोसंबीच्या बागा शेंड्याकडून वाळत खाली येत होत्या आणि दोन हंगामांत बुंध्यापर्यंत जात होत्या. मॅडम कृषी विद्यापीठात झाडांना रोग करणाऱ्या बुरशीवर काम करायच्या. त्यांना आमच्याकडे संशोधनासाठी पाठवलं होतं. राहायला त्या बीडला असत, पण मूळच्या धारूरकडच्या. आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचे आणि त्या मामाच्या घरी राहून शिकल्या. एरवी बोलणं पुस्तकी, नीटनेटकं. राग आला की धारूर बाहेर यायचं. आणि राग त्यांना फार यायचा. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. रागवायला कारण असूनही शांत बसणारी माणसं मी आयुष्यभर इतकी पाहिली आहेत की मला ती बाई फार आवडली.

त्यांचे काही नियम होते. त्यांच्या जीपमध्ये 'वाटतं' हा शब्द चालत नसे. "मला वाटतं, पाणी कमी पडलं असेल," असं कुणी म्हणालं की त्या विचारत, "वाटतं, का बघितलं?" बघितलं नसेल तर विषय बंद. दुसरा नियम, कापलेली फांदी बांधावर टाकायची नाही. तिसरा, फांदी डब्यात पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. यामागचं कारण मी एकदा विचारलं. एवढी कसली घाई, तुकडा आत्ता डब्यात गेला काय आणि दोन मिनिटांनी गेला काय.

"सुरेखाताई," त्या म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत कोयते किती घरांत आहेत?"

"सगळ्याच घरांत."

"आत्ता, उन्हाळ्यात, ते कुठं आहेत?"

"खुंटीला."

"आणि दिवाळी झाली की?"

"हातात."

"बुरशीचंही तसंच. तिच्या घरात सगळी हत्यारं कायम टांगलेली असतात. लाकूड विरघळवायचं हत्यार वेगळं, झाडानं बचावासाठी सोडलेलं विष पचवायचं वेगळं. त्यांनाच जनुकं म्हणायचं. जनुक असणं म्हणजे ते वापरात असणं नव्हे. मी नुसती बुरशी बघत नाही, तिनं खुंटीवरून आत्ता काय काय उतरवलंय ते बघते. फांदी कापली की तिलाही कळतं, काहीतरी झालं. ती लगेच हातातलं ठेवून दुसरं उचलते. म्हणून कापल्या क्षणी गोठवायचं. हातात कोयता असतानाच फोटो काढायचा."

त्यानंतर मी कधी मध्ये बोलले नाही. डब्यातला अतिथंड द्रव नायट्रोजन संपत आला की दूध संघाच्या दवाखान्यातून भरून आणायचं काम मी घेतलं. तिथला कंपाउंडर दर वेळी विचारायचा, "ताई, औंदा मोसंबीला जर्सी का गीर?" मी त्याला सांगत असे, आधी झाकण नीट लाव.

पुढचं समजायला मोसंबीची एक रीत माहीत पाहिजे. बहार धरायचा असेल तर बागेला ताण देतात. म्हणजे पाणी मुद्दाम तोडायचं. पानं मलूल होऊन गळायला लागली की पुन्हा पाणी सोडायचं, मग झाड फुलतं. आमच्याकडे ही रीत पिढीजात आहे आणि ती चूक नाही. पण दुष्काळात ताण द्यायचा शेतकऱ्यानं आणि सोडवायचा कुणी, असा प्रश्न येतो. पाणी तोडलं जातं, सोडायला मात्र विहिरीत पाणीच नसतं.

मॅडमनी ताणातल्या बागा आणि पाण्यावरच्या बागा, दोन्हींतले तुकडे नेले. काही महिन्यांनी त्या निकाल घेऊन आल्या. मोठ्या कागदावर लाल-निळ्या चौकटी होत्या. निळं म्हणजे हत्यार खुंटीवर, लाल म्हणजे हातात. पाण्यावरच्या बागेचा कागद जवळजवळ सगळा निळा. ताणातल्या बागेचा वरपासून खालपर्यंत लाल. "पण हे बघा," त्या म्हणाल्या, "निळा असला तरी कागद कोरा नाही. हिरव्यागार झाडातही ती आहे. गप बसलीय." मग त्यांनी ज्या ज्या बागांत बुरशी निघाली त्यांची नावं वाचली आणि मला विचारलं, "यांची कलमं कुठली?"

मला कागद बघायची गरज नव्हती. सगळी कलमं आमची होती. सगळी आण्णांच्या झाडांची होती. माझ्या स्वतःच्या दोन एकरांतलीसुद्धा.

आण्णा म्हणजे संस्थेचे संस्थापक, आताच्या चेअरमनचे वडील. त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली मोसंबीची झाडं संस्थेच्या आवारात आहेत. आमची पद्धत अशी की प्रत्येक कलमाचा डोळा, म्हणजे खुंटावर बसवायचा कोंब, याच झाडांवरून काढायचा. दुसऱ्या झाडाची डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली काडी, वापरणं म्हणजे आण्णांचा अपमान. पुण्यतिथीला तिथं नारळ फुटतो, नवीन संचालक निवडून आला की आधी तिथं डोकं टेकतो. ही झाडं फळांसाठी नाहीत, म्हणून त्यांना ताण कधी देत नाहीत. गावाला टँकर दिवसाआड यायचा, या झाडांना पाणी रोज. म्हणून ती कायम हिरवी. आणि कुणी शेतकरी वाळलेली फांदी घेऊन आला की चेअरमन त्याला त्या झाडांखाली नेऊन उभं करायचे. "हे बघ, आई ठणठणीत हाय. लेकरू मेलं ते दुष्काळानं. तू पाणी न्हाई घातलं."

तो शेतकरी मान खाली घालून परत जायचा. हे मी कितीदा पाहिलं त्याला हिशेब नाही.

मॅडमची मागणी एकच होती. आण्णांच्या एका झाडाचं पाणी तोडा. फक्त एका. चार-सहा आठवडे ताण द्या आणि काय होतं ते सगळ्यांसमोर बघू. तोवर कलमं वाटू नका. रोपवाटिकेत हंगामाची कलमं पिशव्यांत भरून तयार होती, वाटप महिन्यावर आलं होतं. ती गेली की आणखी काही गावांच्या बागांत बुरशी घर करणार होती. डोंगरपट्ट्यात दुष्काळाचं साल असताना ही बाई गावोगाव पाणी तोडा म्हणत फिरतेय, अशी तिची टिंगल झाली. चेअरमन मात्र टिंगल करत नव्हते. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "मॅडम, आण्णांच्या झाडाचं पाणी तोडायचं म्हणजे माझ्या बापाला तहानेलं ठेवायचं. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"तुमचे वडील सुखात हायत म्हणून तर त्यांचं दुखणं कळंना," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. आण्णांच्या झाडाची एक फांदी मी कापून दिली. तिचे दोन भाग केले. एक पाण्याच्या बाटलीत, एक कोरडा, दोन्ही माझ्या टेबलावर. शेजारी लिंबागणेश गावच्या एका जुन्या बागेतली फांदी, तिचेही तसेच दोन भाग. ती बाग संस्थेच्या आधीची, तिथं आमचं कलम नव्हतं. काही दिवसांत लिंबागणेशची कोरडी काडी नुसती वाळली, तपकिरी, स्वच्छ. आण्णांच्या कोरड्या काडीवर सालीखालून काळे बारीक फोड उठले, मोहरी पसरावी तसे. पाण्यातला भाग हिरवा होता. मॅडम रोज येऊन ती काडी भिंगातून बघायच्या आणि मग भिंग माझ्या हातात द्यायच्या. त्या दिवसांत त्या आनंदी होत्या. मीही होते. डोळ्यांनी दिसणारी गोष्ट कोण नाकारेल, असं आम्हाला दोघींना वाटलं. हा 'वाटतं' शब्द त्यांनी तेव्हा चालवून घेतला, इथंच आमचं चुकलं असावं.

वार्षिक सर्वसाधारण सभा संस्थेच्या शेडमध्ये झाली. मॅडमना बोलायला वेळ होता तो ऐनवेळच्या विषयांत, म्हणजे सगळे ठराव होऊन, जेवणाचा वास सुटल्यावर. सहकारी सभेचं ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. विषय वाचायचा, पुढे बसलेल्या दोन ओळींनी 'मंजूर' म्हणायचं, मागच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मॅडम काड्या घेऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं, आधी आण्णांचं नाव घ्या, कार्याचा गौरव करा, मग मुद्दा. त्यांनी तोंड उघडलं ते असं: "तुमच्या आण्णाच्या झाडात रोग हाय."

आण्णाच्या. आण्णांच्या नाही. शेड उठलं. "कुणाला एकेरी बोलायल्या?" "खाली बसवा बे त्यांना." चेअरमननी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, हे त्यांचं कसब. "पाहुण्या हायत. बोलू द्या." मॅडमनी काड्या दाखवल्या. चेअरमन म्हणाले, "फांदी झाडावरून तोडून वाळवली तर काळी पडंलच की. माणूस वाळवलं तरी काळं पडंल." लोक हसले. मॅडम लिंबागणेशची काडी वर धरून सांगत होत्या, ही का पडली नाही, ही बघा, ही. ती काडी बघायला कुणाची मान वर नव्हती.

मग रंगनाथ तात्या उठले. तात्या काही चेअरमनचे माणूस नव्हते. त्यांची सगळी बाग गेली होती, आणि मॅडमना त्यांनी घरी बोलावून पिठलं-भाकरी खाऊ घातलं होतं. तात्या म्हणाले, "मॅडम, एक सांगा. तलाठी पंचनाम्याला येणार हाय. कागदावर तुमी रोग लिवला तर दुष्काळाची मदत आमाला भेटंल का?"

मॅडमनी काड्या खाली घेतल्या. "न्हाई भेटायची," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांच्या अंगात नव्हतं.

"मग आमची झाडं दुष्काळानं मेली," तात्या म्हणाले आणि बसले.

पुढच्या दोन ओळी म्हणाल्या मंजूर. या वेळी मागच्यांनीही मंजूर म्हटलं. नेहमीच्या पद्धतीनं डोळकाडी घेऊन कलमवाटप चालू ठेवण्याचा ठराव एकमतानं झाला. मॅडमनी काड्या गुंडाळल्या आणि तात्यांजवळ जाऊन म्हणाल्या, "तात्या, औंदाची मदत घ्या. पुढच्या साली ह्याच कलमाला काय लिवायचं ते ठरवून ठेवा."

मला त्या सभेचा राग अजून येतो. चेअरमनचा येतोच, पण त्यांचा राग करणं सोपं आहे. रोग लिहिला तर शेतकरी उपाशी आणि दुष्काळ लिहिला तर रोग मोकाट, असा रकाना ज्यांनी तयार केला त्यांना आमच्या शेडमध्ये यावंही लागलं नाही. बाग गेलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं खोटं बोलावं, आणि तेच त्याच्या फायद्याचं असावं, अशी ती सोय होती. तात्यांना मी दोष देऊ शकत नाही आणि तात्यांना माफही करता येत नाही. आणि मॅडमचाही राग येतो. एक अनुस्वार जास्त उच्चारला असता तर काय बिघडलं असतं?

वाटप झालं. पुढच्या कलमांसाठी डोळकाडी काढायला मी नकार दिला, म्हणून मला खताच्या गोदामात पाठवलं. पुढच्याच महिन्यात विद्यापीठानं मॅडमचं आमच्याकडचं काम बंद केलं. चेअरमनची तिथं ऊठबस होती. कारण लिहिलं होतं, स्थानिक संस्थेचं सहकार्य नाही.

निघायच्या दिवशी त्यांनी मला मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर बोलावलं. समोर शेवभाजी, बाहेर ट्रकांची रांग. मी आल्या आल्या अनुस्वाराचं विचारून टाकलं.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण 'आण्णांच्या' म्हणले असते तर पाणी तोडलं असतं का त्यांनी?"

"नसतं."

"मग कावून झुरायलात? कांदा घ्या." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गोदामात कसं आहे?"

"वास मारतो."

"खताचा ना? तो वास खरा तरी असतो."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. भाकरी तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "बुरशीवर मी कधी चिडले नाही, ताई. तिला तहानलेलं झाड मिळालं, तिनं हत्यार उतरवलं. ती लपवत नाही काही, बघणाऱ्याला दाखवते. मला चीड येते ती दिसल्यावरही न बघणाऱ्यांची." मग मला बजावलं, "तुमची बाग या हंगामात काढा. अर्धी जगेल म्हणून ठेवू नका. मुळासकट काढा, जाळा, आणि लिंबागणेशची काडी आणून स्वतः डोळा भरा." बिल त्यांनी दिलं, माझं ऐकलं नाही.

मी बाग काढली. नवरा महिनाभर नीट बोलला नाही. नवी बाग आज उभी आहे. ताणही सोसते, दुष्काळाच्या एका सालात तर पार झुकली होती, पण पाणी मिळालं तशी फुटली. मॅडमचा फोन यायचा तेव्हा पहिलं वाक्य असायचं, "शेंडे बघितले का?" नंतर मुलांची चौकशी. पुढं फोन कमी झाले, आवाज बारीक झाला. आजार त्यांनी मला सांगितला नव्हता. गेल्याची बातमी त्यांच्या भाचीनं कळवली, आणि मी धारूरला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पंधरवड्यानं संस्थेनं शोकसभा ठेवली. तेच शेड, तेच चेअरमन. "तांदळे मॅडमचं आपल्या भागावर फार प्रेम होतं," ते म्हणाले. "आण्णांच्या झाडांची तर त्यांना विशेष ओढ होती." त्यांचा आवाज भरून आला होता आणि मला खात्री आहे की ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच तसं आठवत होतं. मग सगळे आवारात गेले. ऑफिससमोर खड्डा तयार होता, बाजूला संगमरवरी पाटी, त्यावर मॅडमचं नाव. रोपवाटिकेतून कलम आणलं. डोळा कुठला ते विचारायची गरज नव्हती. कलम लावलं, माती ओढली, आणि मी जवळची म्हणून पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

मी तांब्या खाली ठेवला आणि कलम उपटलं.

"बाईंच्या नावानं हे लावू नका," मी म्हणाले. "दुसऱ्या कुठल्याही काडीचं लावा. बाभूळ लावा."

कुणी ओरडलं नाही. कुणी मला अडवलंही नाही. दोन-चार जणांनी नजर वळवली, म्हणजे त्यांना समजलं होतं. चेअरमन माझ्याजवळ आले, माझ्या हातातून ते कलम अलगद काढून घेतलं आणि इतरांना म्हणाले, "ताईला लई लागलंय. जवळचं माणूस होतं." मग रोपवाटिकेकडे वळून हाक दिली, "दुसरं आणा रे. आपल्याकडं काय कमी हायत का?"

दुसरं आणलं. लावलं. तांब्या रंगनाथ तात्यांनी उचलला आणि पाणी घातलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

ते झाड आता डोक्याच्या वर गेलं आहे. स्मारकाचं झाड म्हणून त्याला रोज पाणी मिळतं, ताण कुणी देत नाही, एक पान पिवळं नाही. येणारा जाणारा पाटी वाचतो आणि झाडाकडे बघून समाधानानं मान हलवतो. गेल्या हंगामापासून रोपवाटिकेनं त्याचीही डोळकाडी घ्यायला सुरुवात केली आहे. लोक काउंटरवर येऊन नाव घेऊन मागतात, मॅडमच्या झाडाची कलमं द्या.